क्रिएटिनिन १.१ आहे म्हणून निर्धास्त राहू नका: दारूने यकृत बिघडलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांबद्दल खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
आणि राज्यातील ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकारी व परिचारिका

विषय: दारूजन्य यकृतविकारात मूत्रपिंड वेळेत ओळखणे व वाचवणे

सस्नेह नमस्कार.

दारूने यकृत निकामी होत आलेला रुग्ण वॉर्डात आला की सगळ्यांचे लक्ष काविळीकडे आणि फुगलेल्या पोटाकडे जाते. बिलिरुबिन (काविळीचे पिवळे रंगद्रव्य) किती, सोनोग्राफीत काय दिसले, रक्ताची उलटी झाली का, हे विचारले जाते. क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायच्या पदार्थाच्या, रकान्यात १.१ किंवा १.२ दिसले की तो रकाना मिटतो, कारण प्रयोगशाळेच्या कागदावर तो आकडा मर्यादेच्या आत छापलेला असतो. चार दिवसांनी लघवी कमी होते, क्रिएटिनिन ३ वर जाते आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची धावपळ सुरू होते. आमचे म्हणणे असे की त्या १.१ लाच मूत्रपिंडाचे निम्मे काम थांबलेले असू शकते. वाचवण्याची खरी संधी त्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच असते, आणि हे दिवस बहुतेक वेळा तुमच्या रुग्णालयात जातात.

आकडा का फसवतो ते आधी सांगतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि त्याचा कच्चा माल, म्हणजे क्रिएटिन, मुख्यतः यकृतात तयार होतो. वर्षानुवर्षे पिणाऱ्या माणसाचे दंड आणि मांड्या काडीसारख्या झालेल्या असतात, यकृतही दमलेले असते. त्यामुळे रक्तात क्रिएटिनिन तयारच कमी होते. पोटात आणि पायांत साचलेल्या पाण्यात ते आणखी विरळ होते. त्यात भर म्हणजे क्रिएटिनिन मोजण्याच्या जाफे या रासायनिक पद्धतीने तपासणी केली असेल आणि बिलिरुबिन खूप वाढलेले असेल, तर आकडा प्रत्यक्षाहून कमी येतो. अशा रुग्णाचे मूळ क्रिएटिनिन ०.५ किंवा ०.६ असणे मुळीच नवलाचे नाही. आता धरून चला की ४८ किलोच्या एका रुग्णाचे दोन महिन्यांपूर्वी ०.६ होते आणि आज १.१ आहे. म्हणजे वाढ दीडपटीच्या पुढे गेली, गाळण्याची क्षमता जवळपास निम्म्यावर आली आणि कागदावर एकही तारांकित खूण उमटली नाही. याच कारणाने क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) या रुग्णांत भलताच आशावादी असतो. युरियावरही भिस्त ठेवता येत नाही. यकृत थकल्याने आणि आहारात प्रथिने नसल्याने तो कमी राहतो, तर आतड्यात रक्तस्राव झाला की मूत्रपिंड ठीक असूनही वर चढतो.

म्हणून आज जगभर निकष बदलले आहेत. पूर्वी क्रिएटिनिन १.५ च्या वर गेल्याशिवाय कोणी मूत्रपिंडाचे नाव काढत नसे. २०१५ पासून सिरोसिसच्या (यकृत व्रणांनी घट्ट झाल्याच्या) रुग्णांसाठी वाढ मोजली जाते: ४८ तासांत ०.३ ने वाढ, किंवा मागच्या आकड्यापेक्षा सात दिवसांत दीडपट. यापैकी काहीही घडले की ती मूत्रपिंडाची तीव्र इजा. मागचा आकडा गेल्या तीन महिन्यांतला असला तरी चालतो. लघवी सहा तासांहून अधिक काळ दर किलोमागे ताशी अर्धा मिलीलीटर किंवा त्याहून कमी होत असेल तर तेही धरावे. ५० किलोच्या रुग्णात हा हिशेब सहा तासांत १५० मिलीलीटर होतो. मापाचे भांडे आणि एक तक्ता एवढ्यावर हे काम होते. दररोज एकच वेळ ठरवून वजनही घ्यावे.

मूत्रपिंडाचा यात दोष काय? बहुतेकदा काहीच नाही. यकृत घट्ट झाल्यामुळे पोटातल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो, त्या सैल पडून रुंदावतात आणि शरीरातले रक्त तिथेच रेंगाळते. एकूण द्रव भरपूर, पण धमन्यांतला कामाचा भरणा कमी. कालव्याच्या वरच्या गावांनी दारे उघडी ठेवली की टेलच्या शेतात पाणी पोहोचत नाही, तसे मूत्रपिंडाचे होते. मग शरीर रेनिन, अ‍ॅल्डोस्टेरोन, अ‍ॅड्रेनालिन, व्हॅसोप्रेसिन अशी संप्रेरकांची सगळी अस्त्रे काढते. मीठ आणि पाणी अडवले जाते, जलोदर (पोटात साचलेले पाणी) वाढतो आणि मूत्रपिंडाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अशा स्थितीत एखादा लहानसा धक्काही पुरतो. तो धक्का बहुधा जंतुसंसर्गाचा, रक्तस्रावाचा, जुलाबांचा किंवा आम्ही लिहून दिलेल्या औषधाचा असतो.

कोणाची मूत्रपिंडे आधी कोसळतील याचा अंदाज खाटेजवळ उभे राहून बराचसा येतो. डोळे पिवळे, पोट ताणलेले, कानशिले खोल गेलेली, दंड बारीक. वरचा रक्तदाब १०० च्या खाली. सोडियम १३० च्या खाली. लघवी गडद आणि थोडी. हे चित्र दिसले की क्रिएटिनिन काहीही असो, मूत्रपिंड धोक्यात आहे असे समजून चालावे. एरवीच्या खुणा, म्हणजे छातीवरच्या कोळ्यासारख्या रक्तवाहिन्या, लाल तळवे, पुरुषांत वाढलेले स्तन, कानाखाली सुजलेल्या लाळग्रंथी, काखेतले झडलेले केस, वाकडी झालेली करंगळी-अनामिका, या जुनाट आजार आणि दारू यांकडे बोट दाखवतात. रुग्णाला ताप असेल, उजव्या बरगडीखाली यकृत मोठे आणि दुखरे असेल, कावीळ गेल्या आठ आठवड्यांत आली असेल, यकृताच्या एन्झाइमांपैकी एएसटी हे एएलटीच्या दीड-दोनपट असेल आणि दोन्ही ४०० च्या आत असतील, तर ही दारूची तीव्र यकृतदाह-अवस्था असते. एएसटी-एएलटी हजारांत गेले तर दारूखेरीज दुसरे कारण शोधा: विषाणू, पॅरासिटामॉलचा अतिरेक, किंवा रक्तदाब कोसळून यकृताला बसलेला फटका.

दारू किती, या प्रश्नाला ‘थोडीशी’ असे उत्तर मिळते. प्रश्नच बदलून विचारावा: क्वार्टर किती, आणि आठवड्यातले किती दिवस? ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमच्या १८० मिलीलीटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीलीटरच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. तीव्र यकृतदाहाचे निदान करताना पुरुषात रोज ६० आणि स्त्रीत ४० ग्रॅम, किमान सहा महिने, एवढे सेवन धरतात. म्हणजे रोजची एक क्वार्टर ही ‘थोडीशी’ नाही. हातभट्टीचे प्रमाण कोणालाच सांगता येत नाही. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत रुग्ण आणि नातेवाईक दारूचे नाव घ्यायला कचरतात, बायका तर कुठेही कचरतात. केसपेपरवर लिहिलेले पोलिसांकडे जात नाही, हे आधी सांगितले की उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

आता मूत्रपिंड घालवणाऱ्या आपल्या सवयींकडे येतो. पोटात दुखते म्हणून डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन, ही सर्वात वरची. आवळलेल्या रक्तवाहिन्या थोड्याफार उघड्या ठेवणारी प्रोस्टाग्लँडिने नावाची शरीरातली द्रव्ये हे औषध बंद पाडते. एकदोन इंजेक्शनांत लघवी आटू शकते. आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, सगळ्यांना हेच लागू. वेदना किंवा तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे. दिवसाला २ ग्रॅमपर्यंत ते या रुग्णांत वापरता येते. यकृताचा आजार म्हणून पॅरासिटामॉल टाळायचे आणि डायक्लो द्यायचे, हा उलटा न्याय आजही ठिकठिकाणी दिसतो.

ताप आला की अमिकासिन किंवा जेंटामायसिन सुरू करणे ही दुसरी सवय. या रुग्णांत सेफोटॅक्सिम किंवा सेफट्रायक्झोन हाताशी असताना या औषधांपासून सुरुवात करू नये. रक्तदाबासाठी आधीपासून चालू असलेल्या एनॅलाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या जलोदर असताना बंद कराव्यात. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल रक्तस्राव टाळण्यासाठी उपयोगी असले, तरी वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला किंवा क्रिएटिनिन वाढू लागले की थांबवावे.

लॅसिक्सबद्दल (म्हणजे फ्युरोसेमाइड, लघवी वाढवणारे औषध) जरा सविस्तर लिहावे लागेल. ‘लघवी होत नाही, लॅसिक्स द्या’ हा हुकूम या आजारात नेमका उलटा पडतो. लघवी होत नाही कारण धमन्यांत भरणा नाही, आणि लॅसिक्स असलेलाही भरणा काढून घेते. जलोदरावर सुरुवात स्पायरोनोलॅक्टोन १०० मिलिग्रॅमने करावी, सोबत गरजेप्रमाणे फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम, तोंडाने आणि सकाळी. पायांवर सूज नसेल तर वजन रोज अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू नये. सूज असेल तर एक किलोपर्यंत चालते. त्याहून वेगाने उतरलेले पाणी पोटातून नव्हे, रक्तातून जाते. सोडियम १२५ च्या खाली गेले, क्रिएटिनिन वाढले, पोटॅशियम फार वाढले किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला की ही औषधे त्याच दिवशी बंद. यकृताच्या गुंगीवर शौचास होण्यासाठी देतात त्या लॅक्ट्युलोजचेही तसेच. दिवसाला दोन-तीन मऊ शौच एवढेच उद्दिष्ट असते. आठ-दहा पातळ जुलाब झाले की गुंगी उतरत नाही, उलट पाणी आणि पोटॅशियम घटून वाढते, आणि मूत्रपिंडाला धक्का बसतो तो वेगळाच.

गावठी काविळीची औषधे, मग ती झाडपाल्याची असोत की पुडीतली, केसपेपरवर नोंदवा. त्यांत काय असते हे सांगता येत नाही आणि काहींत जड धातू सापडलेले आहेत. काविळीची माळ गळ्यात असेल तर असू द्या, तिच्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. पोटात काय जाते ते महत्त्वाचे.

या पत्रात आमचा सर्वाधिक आग्रह एका गोष्टीचा आहे: जलोदर असलेल्या प्रत्येक दाखल रुग्णाच्या पोटातले पाणी पहिल्या १२ तासांत, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, तपासणीसाठी काढा. पोटातल्या पाण्याला आपोआप होणारा जंतुसंसर्ग हा मूत्रपिंड कोसळण्याचे मोठे कारण आहे आणि अनेकदा ना ताप असतो ना पोटात दुखते. नुसती मरगळ, थोडी गुंगी किंवा वाढलेले क्रिएटिनिन एवढीच त्याची खूण. ‘आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) २ आहे, प्लेटलेट ५० हजार आहेत, सुई कशी घालू?’ ही भीती अनाठायी आहे. गंभीर रक्तस्राव हजारात एखाद्यालाही क्वचित होतो आणि त्यासाठी आधी प्लाझ्मा किंवा प्लेटलेट देण्याची गरज नसते. रक्त गोठण्याची यंत्रणा शरीरभर पेटलेली असेल, म्हणजे टोचल्या जागांतून रक्त झिरपत असेल, तेव्हाच थांबावे.

रुग्णाला उताणे, किंचित डावीकडे कलते ठेवा. डाव्या बाजूच्या कमरेच्या हाडाचे पुढचे टोक शोधा. तिथून दोन बोटे वर आणि दोन बोटे आत, ही जागा. ठोकून तिथे बद्द आवाज येतो याची खात्री करा. फुगलेल्या शिरा, जुन्या शस्त्रक्रियेचे व्रण आणि मोठी झालेली प्लीहा टाळा. कातडी निर्जंतुक करून लिग्नोकेन द्या. कातडी किंचित खाली ओढून धरत २२ गेजची सुई घाला, म्हणजे सुई काढल्यावर वाट तिरकी राहते आणि पाणी गळत नाही. ३० मिलीलीटर पुरे. त्यातले १० मिलीलीटर खाटेजवळच ब्लड कल्चरच्या बाटलीत घाला. साध्या नळीत पाठवलेल्या नमुन्यात जंतू वाढण्याचे प्रमाण बरेच कमी असते. थोडे पाणी जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत पेशी मोजण्यासाठी, उरलेले अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन) व एकूण प्रथिनांसाठी, आणि त्याच दिवशी रक्तातले अल्ब्युमिनही.

पेशींची मोजणी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवून दुसऱ्या दिवशी अहवाल मागवू नका. तोवर पेशी फुटलेल्या असतात. तुमच्या तंत्रज्ञाकडे न्यूबॉर चेंबर (पेशी मोजायची काच) आहे, सूक्ष्मदर्शक आहे, रंगही आहे. एकूण पांढऱ्या पेशी ८०० आणि त्यांत पॉलिमॉर्फ (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ६० टक्के, म्हणजे ४८० झाल्या. २५० किंवा अधिक आल्या की संसर्ग धरायचा आणि कल्चरची वाट न पाहता उपचार सुरू करायचे. पाणी रक्तमिश्रित असेल तर दर २५० लाल पेशींमागे एक पॉलिमॉर्फ वजा करावी. रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातले वजा केल्यावर फरक १.१ किंवा जास्त आला तर पाणी यकृताच्या दाबाचे. कमी आला आणि पेशींत लिम्फोसाइट भरपूर असतील तर आपल्याकडे क्षयाचा विचार करावाच लागतो.

संसर्ग निघाला तर सेफोटॅक्सिम २ ग्रॅम दर आठ तासांनी, किंवा सेफट्रायक्झोन दिवसाला २ ग्रॅम, पाच ते सात दिवस. रुग्णालयातच लागलेला संसर्ग असेल तर औषध अधिक व्यापक लागते. आणि सोबत अल्ब्युमिन. पहिल्या सहा तासांत दर किलोला दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी दर किलोला १ ग्रॅम. १९९९ साली स्पेनमधून आलेल्या अभ्यासात नुसत्या अँटिबायोटिकवर ३३ टक्के रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली होती, अल्ब्युमिन दिलेल्यांत १० टक्के; रुग्णालयातले मृत्यूही २९ वरून १० टक्क्यांवर आले. एवढा फरक पाडणारी औषधे या आजारात फार थोडी आहेत.

हिशेब बाटल्यांत करू. २० टक्के अल्ब्युमिनची १०० मिलीलीटरची बाटली म्हणजे २० ग्रॅम. ५० किलोच्या रुग्णाला पहिल्या दिवशी ७५ ग्रॅम, म्हणजे जवळपास चार बाटल्या. तिसऱ्या दिवशी अडीच. संसर्ग नसून क्रिएटिनिन वाढले असेल आणि रुग्ण कोरडा वाटत असेल तर दर किलोला १ ग्रॅम, दिवसाला १०० ग्रॅमच्या पुढे नाही: ५० किलोला अडीच बाटल्या, एक ते दोन दिवस. पाच लिटरहून जास्त पाणी काढताना दर लिटरमागे ८ ग्रॅम. सहा लिटर काढले तर ४८ ग्रॅम, म्हणजे अडीच बाटल्यांच्या आसपास. ताण कमी व्हावा म्हणून आठ लिटर काढायचे आणि अल्ब्युमिन न देता घरी सोडायचे, हे टाळा. पुढच्या काही दिवसांत रक्तदाब उतरतो, सोडियम उतरते आणि क्रिएटिनिन चढते. अल्ब्युमिन नाहीच, तर एका वेळी तीन-चार लिटरवर थांबा.

पण अल्ब्युमिन म्हणजे ताकदीचे सलाईन नव्हे. रक्तातले अल्ब्युमिन २.२ आहे म्हणून ते ३ करण्यासाठी बाटल्या लावल्याने रुग्णाला फायदा होत नाही आणि फुप्फुसात पाणी भरण्याचा धोका मात्र वाढतो. प्रत्येक बाटलीआधी ऑक्सिजनचे प्रमाण पाहा, श्वासाची गती मोजा, फुप्फुसांच्या तळाशी ऐका. दम लागू लागला की बाटली बंद. उलट्या, जुलाब, रक्तस्राव यांनी रुग्ण कोरडा पडला असेल आणि अल्ब्युमिन मिळायला वेळ असेल, तर साधे सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट अर्धा लिटर देऊन पुन्हा तपासावे. रात्रभर तीन-चार बाटल्या सोडून झोपू नये. रक्ताच्या उलट्यांत हिमोग्लोबिन ७ ते ८ ठेवणे पुरते. त्याहून वर नेले की शिरांतला दाब वाढून पुन्हा रक्त येते. अशा रुग्णाला सेफट्रायक्झोन १ ग्रॅम पहिल्याच तासांत द्यावे.

प्रत्येक वाढलेले क्रिएटिनिन हे हेपॅटोरीनल सिंड्रोम (यकृताच्या आजाराने, स्वतः शाबूत असलेले मूत्रपिंड बंद पडणे) नसते, आणि इथे साध्या लघवी तपासणीचे मोल फार आहे. लघवीत प्रथिने आणि लाल पेशी असतील तर मूत्रपिंडालाच आजार आहे. दारूच्या सिरोसिसमध्ये आयजीए हे प्रतिपिंड मूत्रपिंडात जमा होऊन असे होते, आणि मधुमेह सोबत असणे तर नित्याचे. मातकट तपकिरी दाणेदार कास्ट (नलिकांच्या साच्यात घडलेले कण) दिसल्या तर मूत्रपिंडातल्या बारीक नलिका मेल्या आहेत. लघवीतले सोडियम १० ते २० च्या खाली असेल तर मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आहे, म्हणजे नलिका शाबूत आहेत. मात्र लॅसिक्स दिल्यावर घेतलेला हा आकडा निरर्थक असतो. बिलिरुबिन २० च्या पुढे गेले की पित्ताच्या कास्टनीही नलिका तुंबतात. फिट येऊन किंवा नशेत तासन् तास एकाच कुशीवर पडून राहिलेल्या माणसाचे सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) बघा. स्नायू विरघळून मूत्रपिंड गेलेले असू शकते आणि त्यावर भरपूर सलाईन हाच उपाय असतो, अल्ब्युमिन नव्हे. सोनोग्राफीत मूत्रपिंडांचा आकार आणि अडथळा पाहावा. तुंबलेले मूत्राशय हातानेही कळते.

लघवीची औषधे बंद केली, संसर्ग शोधला, भरणा केला, तरी २४ ते ४८ तासांत क्रिएटिनिन उतरले नाही, लघवीत काही सापडले नाही, रक्तदाब कोसळून शॉक आलेला नाही, मूत्रपिंडाला अपाय करणारे औषधही नाही: मग हेपॅटोरीनल सिंड्रोम समजून टर्लिप्रेसिन, हे सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळणारे औषध. १ मिलिग्रॅम दर सहा तासांनी शिरेतून सावकाश, किंवा २४ तासांत २ मिलिग्रॅम पंपावर, सोबत अल्ब्युमिन रोज २० ते ४० ग्रॅम. दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन पाव भागानेही उतरले नाही तर डोस टप्प्याटप्प्याने वाढवतात. आधी ईसीजी काढावा. हृदयाचा किंवा पायांच्या धमन्यांचा आजार असेल, ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असेल तर हे औषध देऊ नये. बोटे निळी पडणे, छातीत किंवा पोटात कळ, दम लागणे, यांवर परिचारिकेने दर पाळीत लक्ष ठेवावे. आयसीयू असेल तर नॉरअ‍ॅड्रेनालिन हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे. सुरू करतानाचे क्रिएटिनिन जितके जास्त, तितका प्रतिसाद कमी. २ ला सुरू झालेले औषध आणि ५ ला सुरू झालेले औषध यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

म्हणून रुग्ण पाठवायचा तर याच टप्प्यावर पाठवा, लघवी पूर्ण थांबल्यावर नव्हे. १०८ च्या गाडीत बसवताना चिठ्ठीवर ‘जलोदर, कावीळ, पुढील उपचारांसाठी’ एवढेच नको. क्रिएटिनिनचे सगळे आकडे तारीख-वेळेसह, २४ तासांची लघवी, पोटातल्या पाण्यातल्या पेशी, अल्ब्युमिनच्या किती बाटल्या गेल्या, शेवटचे लॅसिक्स कधी दिले आणि दारू शेवटची कधी घेतली, एवढे लिहा. शेवटचा मुद्दा विसरू नका. दारू थांबल्यावर सहा ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रमाचा झटका. तो प्रवासातच आला तर गाडीतल्या डॉक्टरला कळायला हवे. हात पसरल्यावर पंख्यासारखे फडफडणारे मनगट यकृताच्या गुंगीचे. बारीक वेगवान थरथर, घाम, धडधड आणि भेदरलेली नजर दारू तुटल्याची. दुसऱ्या प्रकारात लोराझेपाम १ ते २ मिलिग्रॅम, डायझेपामपेक्षा ते यकृताला सोसते. ग्लुकोजच्या आधी थायमिन शिरेतून. मॅग्नेशियम आणि फॉस्फेट तपासता आले तर तपासा, मॅग्नेशियम भरल्याशिवाय पोटॅशियम वर येत नाही.

तीव्र यकृतदाहात स्टिरॉइडचा निर्णय मोठ्या केंद्रावर सोडावा. मॅड्रेचा आकडा (यकृतदाहाची तीव्रता मोजणारा) ३२ च्या पुढे असला तरी संसर्ग, रक्तस्राव आणि बिघडते मूत्रपिंड या तिन्हींत प्रेडनिसोलोन धोक्याचे असते. सातव्या दिवशी लिले गुणांक (स्टिरॉइडला मिळालेला प्रतिसाद मोजणारा) ०.४५ च्या वर असेल तर ते थांबवतात.

आहाराबद्दल घरोघरी फार गैरसमज आहेत. कावीळ म्हणून डाळ, अंडी, तेल, हळद सगळे बंद आणि उसाचा रस चालू, असे पथ्य पाळले की उरलेसुरले स्नायूही वितळतात. दर किलोला रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि ३५ किलोकॅलरी लागतात. डाळ, मूग, दूध-दही, अंडी, चालत असेल तर मासे. गुंगी आली तरी प्रथिने तोडू नयेत. रात्री झोपताना दूध-पोळी किंवा शिरा असे काही खायला द्यावे, कारण रात्रभराच्या उपाशीपणात हे शरीर स्वतःचे स्नायू खाते. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, सगळे धरून. पापड, लोणचे, फरसाण, सुके बोंबील, सुकट बंद. सैंधवही सोडियमच आहे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना किंवा क्रिएटिनिन चढलेले असताना ते आणि नारळपाणी दोन्ही नकोत.

विभागाकडे आमच्या मागण्या खर्चाच्या मानाने लहान आहेत. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात २० टक्के अल्ब्युमिनच्या किमान १२ बाटल्या कायम असाव्यात. जंतुसंसर्गाच्या दोन रुग्णांना त्या जेमतेम पुरतात. बाहेरून आणायला सांगितले तर नातेवाइकांना काही हजार रुपये उभे करावे लागतात आणि त्यात एक दिवस जातो. जिल्हा रुग्णालयात टर्लिप्रेसिन असावे. ब्लड कल्चरच्या बाटल्या आणि जांभळ्या टोपणाच्या नळ्या रात्रपाळीतही वॉर्डातच सापडाव्यात. तंत्रज्ञांना पोटातल्या पाण्यातल्या पेशी मोजण्याचे प्रशिक्षण अर्ध्या दिवसात देता येते. जिथे यंत्र आणि किट परवडतील तिथे क्रिएटिनिन एन्झायमॅटिक पद्धतीने व्हावे. तोवर निदान अहवालात आधीचा आकडा शेजारी छापला जावा. नमुने महालॅबकडे (शासकीय रुग्णालयांच्या तपासण्या करणाऱ्या सेवेकडे) जात असतील तर जुने अहवाल संगणकात असणारच, ते एका ओळीत दाखवणे अवघड नसावे.

डायलिसिसची यंत्रे आता जिल्ह्याजिल्ह्यांत आली आहेत, म्हणून एक सावधगिरीही सांगायला हवी. नलिकांचे नुकसान भरून येण्याजोगे असेल किंवा यकृत प्रत्यारोपणाची वाट असेल, तिथे डायलिसिसला अर्थ आहे. प्रत्यारोपण शक्य नाही आणि टर्लिप्रेसिनलाही प्रतिसाद नाही, अशा रुग्णाला काही दिवसांची मुदत ठरवून प्रयत्न करावा आणि नातेवाइकांना ते सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे. प्रत्यारोपणासाठी सहा महिने दारू सोडलेलीच हवी, हा दंडक आता पूर्वीइतका ताठर राहिलेला नाही. ज्याची मूत्रपिंडे बिघडली आहेत त्याला सहा महिने मिळतही नाहीत. निवडक रुग्णाबाबत केंद्राला आधी फोन करून विचारावे.

जे यातून जगून घरी जातात त्यांच्यासाठी डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी छापील रकान्यात असाव्यात: घरी जातानाचे क्रिएटिनिन, त्या दिवशीचे वजन, आणि ‘डायक्लोफेनॅक व तत्सम वेदनाशामक देऊ नये’ ही ओळ ठळक अक्षरांत, म्हणजे गावातला डॉक्टर आणि औषध दुकानदार दोघांना दिसेल. एका आठवड्याने क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम पुन्हा. पोटातल्या पाण्याचा संसर्ग होऊन गेला असेल तर नॉरफ्लॉक्सासिन ४०० मिलिग्रॅम रोज, किंवा को-ट्रायमोक्साझोल, पुढे चालू. दारूची ओढ कमी करण्यासाठी बॅक्लोफेन १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा हे सिरोसिसमध्ये वापरले जाते, पण ते मूत्रपिंडांतून बाहेर पडते. क्रिएटिनिन चढलेले असताना तोच डोस दिला तर रुग्ण गुंगीत जातो आणि सगळे यकृताला दोष देत बसतात. अकॅम्प्रोसेटही मूत्रपिंडांवर अवलंबून. गाळण्याची क्षमता ३० च्या खाली असेल तर देऊ नये. डायसल्फिराम या रुग्णांत नकोच. गोळीची चिठ्ठी व्यसनमुक्ती विभागातून येते आणि क्रिएटिनिनचा अहवाल मेडिसिन विभागाच्या फाइलमध्ये राहतो. दोन्ही एकाच कार्डावर आणण्याचा आदेश विभागाने काढावा.

आपले,
यकृत व मूत्रपिंडविकारांच्या रुग्णांवर उपचार करणारे काही डॉक्टर